बायकोचे पांढरे बूट आणि माझं रसायनशास्त्र

मी रसायनशास्त्र शिकवतो, ही गोष्ट आमच्या घरी आता पाहुण्यांना सांगत नाहीत.

पूर्वी सांगायचे. माझी माय तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगायची, "माहा पोरगा अमरावतीले केमेस्ट्रीचा सर हाये." आता ती नुसतं "कॉलेजात हाये" म्हणते आणि खिडकीबाहेर बघते. त्याच्यापुढे विचारू नका, असा एकूण सूर!

हे सगळं झालं बुटांमुळे. माझ्या नव्हे, बायकोच्या.

माझी बायको रंजना सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. वय पन्नाशीच्या पलीकडे. ती चालत नाही, ती सुटते. लग्न झाल्यापासून मी तिच्याबरोबर बाजारात गेलो, असं एकदाही झालेलं नाही. मी नेहमी तिच्या मागून बाजारात गेलो आहे. निघताना शेजारी असते, मी काहीतरी मुद्द्याचं बोलायला लागतो, आणि वाक्य संपवून बघतो तो शेजारी दुसराच कोणीतरी माणूस माझं ऐकत असतो. रंजना पुढच्या चौकात भाव करत असते.

आमच्या शेजारी गावंडे सर राहतात. शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. एकदा सकाळी ते सायकलवर चालले होते आणि रंजना ड्युटीची बस पकडायला पायी निघाली होती. तिनं त्यांना ओलांडलं. सरांना आधी वाटलं, आपली सायकल पंक्चर झाली. उतरून त्यांनी चाक दाबून पाहिलं. हवा ठीक होती. त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात हजर!

"वहिनी, तुमाले कोनी सांगतलं का, हे चालनं नाही. हा खेळ हाये!"

"कायचा खेळ? बस सुटून राह्यली होती सर."

"चालण्याची शर्यत असते बापा! बायायची वेगळी, वयाचे गट वेगळे. एक पाय कायम जमिनीवर पाह्यजे, बस. बाकी तुमचं सगळं तयार हाये."

मी हसलो. माय हसली. रंजना मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गावंडे सरांच्या शिट्टीवर मैदानात होती.

या शर्यतीत पळायचं नसतं. गुडघा ताठ ठेवून, कंबर इकडून तिकडे फेकत चालायचं असतं. बघणाऱ्याला पहिल्यांदा गंमतच वाटते. कॉलनीतल्या बायका गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. पण बघता बघता तिनं जिल्ह्यात पहिला नंबर काढला, आणि अकोल्याला ज्येष्ठांच्या राज्य पातळीवरच्या स्पर्धा ठरल्या तेव्हा अमरावतीच्या संघात तिचं नाव आलं. एवढंच नाही! उद्घाटनाच्या संचलनात जिल्ह्याचा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा मान तिला मिळाला. वेश पांढरा. बूटही पांढरे.

बूट आमच्या मुलीनं, आकूनं, पाठवले होते. ती नागपूरला नोकरीला लागली, आणि पहिल्या पगारातून तिनं आईसाठी पांढरेशुभ्र जाळीचे बूट घेतले. इतके हलके की खोकं उघडलं तेव्हा मला ते रिकामंच वाटलं. रंजनानं जन्मभर चपला आणि सँडल घातलेले. पहिल्या दिवशी ती ते बूट घालून पलंगावर पाय पसरून बसली. जमिनीवर टेकवायलाच तयार नाही!

"अवं, चालाले हायेत ते," माय म्हणाली.

"थांबा ना आई. आज नुसतं पाहून घेतो."

मग त्याच बुटांवर तिनं सगळा सराव केला. ते तिच्या पायाला असे बसले होते की दुसरी जोडी घालणं म्हणजे दुसऱ्याचे पाय लावून चालण्यासारखंच झालं असतं.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी ती मोर्शीला भावाकडे भाच्याच्या साखरपुड्याला गेली. सराव चुकायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी संत्र्याच्या बगीच्यात फेऱ्या मारल्या. नेमकं आदल्या दिवशी झाडांना पाणी सोडलेलं. आपली काळी माती कशी असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. ती बुटाला लागत नाही, बुटात राहायला येते. रंजना परत आली तेव्हा पिशवीत बूट नव्हते, दोन ढेकळं होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी ती ड्युटीवर निघाली. दारातून वळून म्हणाली, "हे पाहा, बुटायले हात लावू नका. माती वायली की संध्याकायी मी ब्रशनं झाडून घेईन, ओल्या फडक्यानं पुसून घेईन. तुमी काईच करू नका."

"हाव," मी म्हणालो.

(आमच्या संसारात माझ्या 'हाव'चा अर्थ 'ऐकू आलं' एवढाच असतो. तो 'तसंच करीन' असा तिनं कधीपासून धरला, मला माहीत नाही.)

मला त्या दिवशी सुट्टी होती. मी चहा घेतला. पेपर वाचला. बुटांकडे पाहिलं. बूट माझ्याकडे पाहत होते. मनात आलं, बायको राज्याच्या स्पर्धेला चालली आहे. तिच्यासाठी नवऱ्यानं एवढंही करू नये? आणि नवरा कोण? साधासुधा? रसायनशास्त्राचा!

सुरुवात मी अगदी शास्त्रशुद्ध केली, हे इथे मुद्दाम नमूद करतो. नाड्या काढल्या. आतल्या गाद्या काढून वेगळ्या ठेवल्या. वाळलेली माती जुन्या टूथब्रशनं कोरडीच झाडली. कोमट पाण्यात थोडा शॅम्पू घालून, बाळाला न्हाऊ घालावं तशा हातानं जाळी घासली. पिळली नाही, दाबून पाणी काढलं. आणि काय सांगू? बूट निघाले! लख्ख! फक्त उजव्या बुटाच्या टोकावर चहाच्या थेंबाएवढा मातकट डाग राहिला.

इथे कोणताही शहाणा माणूस थांबला असता.

मी न्हाणीघरातली, पांढऱ्या कपड्यांचे डाग काढायची ब्लीचची बाटली उचलली. मी वर्गात दरवर्षी घसा फोडून सांगतो, 'द्रावण विरळ करा, विरळ करा!' घरी मात्र मी ते सरळ बाटलीतून बुटावर ओतलं. एकाच बुटावर ओतलं तर दोन्हींचा रंग वेगळा दिसेल, म्हणून दुसऱ्यावरही ओतलं. (समान वागणूक!) डाग गेला. अगदी समूळ गेला. आणि त्याच्या जागी हळूहळू अख्खा बूट पिवळा व्हायला लागला.

ब्लीचनं असले कृत्रिम धागे आणि त्यातला डिंक पिवळा पडतो, हे मला माहीत होतं. परीक्षेत आलं असतं तर मी लिहिलंही असतं. पण ते न्हाणीघरात येईल असं वाटलं नव्हतं!

तेवढ्यात माय आली.

"काय करून राह्यला रे सुध्या? अन् हे नवरदेवाचे बूट कोनाचे?"

"नवरदेवाचे नाही माय. रंजनाचे."

मायनं चष्मा वर करून पाहिलं. "मंग हळद काहून लावली त्यायले?"

मी घाईघाईनं आकूला फोन लावला. व्हिडिओ कॉलच लावला, म्हणजे तिला रंग नीट दिसावा. तिनं पाहिलं आणि खुर्चीतून उठलीच.

"बाबा! ब्लीच? जाळीच्या बुटायले?"

"थोडंसंच गं."

"थोडंसं? हे आमरसात बुडवल्यावानी दिसून राह्यले! आता ऐका. साध्या पान्यानं खूप वेळा धुवा. मंग पांढऱ्या टिश्यू कागदात गुंडाळा अन् सावलीत ठेवा. कागद पिवळेपणा ओढून घेते. बाकी काईच करू नका. बाबा, ऐकून राह्यले ना? दुसरं काईच नाही!"

"हाव," मी म्हणालो.

आणि खरं सांगतो, या वेळी मी तेच करणार होतो. बूट पुन्हा पुन्हा धुतले. पण घरात पांढरे टिश्यू नव्हते. एका हळदीकुंकवाच्या घरून आलेले गुलाबी नॅपकिन तेवढे होते, आणि पिवळ्यावर गुलाबी चढवायची माझी हिंमत नव्हती. मी दुकानात जायला निघालो, तोच माय निळीची बाटली घेऊन पुढे उभी.

"पिवळ्यावर नीळ," ती म्हणाली. "बापा, एवढं शिकला अन् हे नाही माईत?"

इथे मी फसलो, कारण तिचं बरोबर होतं! पिवळेपणावर निळसर छटा चढली की डोळ्याला पांढरं दिसतं. हे शास्त्र आहे. शिवाय माय दर पौर्णिमेला विहारात जाताना जे पांढरं लुगडं नेसते, ते ती स्वतः निळीत घालते, आणि त्या लुगड्यासारखं पांढरं अख्ख्या विहारात दुसरं नसतं. म्हणजे शास्त्रही आमच्या बाजूनं आणि अनुभवही.

"किती टाकू?"

"दोन थेंब. बाल्टीभर पान्यात."

बाटलीच्या टोकाला टाचणीनं पाडलेलं भोक बुजलं होतं. थेंब येईना. मी बाटली दाबली. येईना. जोरात दाबली. तेव्हा टोपणासकट सगळीच नीळ बादलीत आली.

बादलीत आभाळ उतरलं!

ते पाणी तिथेच ओतून द्यायला हवं होतं. पण मी विचार केला, नुसतं एकदा बुचकळून लगेच काढले तर? आत-बाहेर, पापणी लवायच्या आत? जाळीचा बूट पाणी कसा पितो ते मला तोवर कळलं नव्हतं. तो घोट घेत नाही, तो तांब्या तोंडाला लावतो. मी बूट बाहेर काढले. टोकाला गडद निळे, टाचेला फिके, मध्ये कुठेकुठे हळदीची आठवण. एक बूट सकाळच्या आभाळासारखा आणि दुसरा पाऊस यायच्या आधीच्या!

मायनं आधी बुटांकडे पाहिलं, मग रिकाम्या बाटलीकडे.

"मी दोन थेंब म्हनलं होतं," माय म्हणाली. एवढं बोलून ती आत गेली, आणि मला वाटलं आता ही बाई साक्षीलाही उभी राहणार नाही. पण ती परत आली. हातात कापसाचं बोचकं. अकोटच्या माझ्या मावशीनं नव्या उशांसाठी जिनिंगमधून आणून दिलेला, सरकी काढलेला कापूस.

"निळ्याचं मंग पाहू. आधी वायले तं पाह्यजेत. हे भर आतमंधी. पानी सोसून घेते."

मी भरला. कापसाला काही कमी नव्हती, म्हणून हात आखडता घेतला नाही. लाटण्याच्या टोकानं ठासून भरला. बूट टम्म फुगले. मग त्यांना टेबलफॅनपुढे ठेवून आम्ही मायलेक जेवायला बसलो. एकमेकांच्या ताटाकडे बघत जेवलो.

जेवून येऊन पाहतो तो बुटांना केस आले होते!

जाळीच्या एकेका भोकातून कापसाचा एकेक तंतू बाहेर डोकावत होता आणि पंख्याच्या वाऱ्यावर सळसळत होता. मेंढीची दोन पिल्लं पंख्यापुढे वारा घेत बसावीत तसं दृश्य. क्षणभर माझ्या मनात आशाही आली, कारण लांबून पाहिलं तर ते पांढरे दिसत होते! (खूप लांबून. गेटाच्या बाहेरून.) मी ओढून तंतू काढायला गेलो, तर तो आतल्या ओल्या बोळ्याला धरून बसलेला. एक ओढला की दोन बाहेर यायचे.

आणि मग फाटकाची कडी वाजली. रंजना इतकी लवकर? पण ती चालत आली होती ना. ती लवकरच येते.

तिनं पर्स खाली ठेवली. पंख्यापुढे पाहिलं.

"हे काय हाये?"

"बूट," मी म्हणालो.

"कोनाचे?"

"मी सैपाकघरात होती," माय आतून ओरडली. कोणी काही विचारलं नसताना!

मला वाटलं, आता कडाडणार. मी मनात बचावाचं भाषणही तयार केलं होतं, त्यात 'हेतू' हा शब्द तीनदा होता. पण ती कडाडली नाही. खाली बसली, उजवा बूट मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवला.

"उद्या मले झेंडा घेऊन सगळ्यायच्या पुढं चालनं हाये," ती हळूच म्हणाली. "लेकरानं पहिल्या पगारात घेतले होते."

त्यापेक्षा तिनं तो बूट मला फेकून मारला असता तर बरं वाटलं असतं. माय दारात येऊन पदराशी चाळा करत उभी राहिली.

मग रंजना उठली. हातपाय धुऊन आली, घरातल्या औषधांच्या डब्यातला चिमटा घेतला, आणि दिव्याखाली बसून जखमेतून कापूस काढावा तसा एकेक बोळा, एकेक तंतू काढायला लागली. चेहरा अगदी शांत. मी तिला म्हटलं, "मी काढू लागू?" तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. त्या नजरेनं मला तसंच उभं राहायला सांगितलं होतं.

तेवढ्यात गावंडे सर उद्याच्या सूचना द्यायला आले.

"जयभीम! काय वहिनी, झाली का तया..." आणि ते थांबले. वाकून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बुटांकडे. गळ्यातली शिट्टी आपोआप तोंडात गेली आणि 'फुर्र' वाजली.

"सर, तुमी केलं हे?"

"हेतू चांगला होता," मी म्हणालो.

"वहिनी," सर छाती पुढे काढून म्हणाले, "काळजीच नका करू. माह्याजवळ पांढरं पॉलिश हाये. कॅनव्हासच्या बुटायचं. शाळेतल्या कवायतीले पोरायचे बूट मी सोता रंगवत होतो!"

पॉलिश सरांच्या शाळेच्या काळातलंच होतं. डब्यात वाळून त्याचा दगड झाला होता. सरांनी तो चमच्यानं खरवडला, पाण्यात कालवला आणि भिंतीला चुना द्यावा तसे एकावर एक हात दिले. पहिल्या हातानंतर निळा दिसला. दुसऱ्यानंतर निळसर दिसला. मग सर पेटलेच! डबा संपला तेव्हाच थांबले. पण बूट पांढरे झाले. इतके पांढरे की नवेही तसे नव्हते. रंजनाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मी हात पाठीमागेच ठेवून हसलो.

सकाळी आम्ही सगळे अकोल्याला पोचलो. आकू नागपूरहून परस्पर आली. आणि संचलन सुरू झालं.

काय सांगू! बँड वाजतोय, एकेक जिल्हा पुढे सरकतोय, आणि अमरावतीच्या पुढे आमची रंजना. पांढरा वेश, हातात झेंडा, मान ताठ, पायात ते बूट. रोज दवाखान्यात दुसऱ्यांच्या नाड्या मोजणारी बाई, तिच्याकडे आज सगळं मैदान बघत होतं. मायनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. "पाह्य, सुध्या, पाह्य," एवढंच म्हणत राहिली. मी काही पाहत नव्हतो. माझ्या चष्म्यावर धुकं आलं होतं.

शर्यतीची वेळ झाली. शिट्टी झाली आणि बाया निघाल्या.

पहिल्याच वळणावर माझ्या लक्षात आलं की रंजनाच्या पायाजवळ काहीतरी उडतंय. तिचं पाऊल पडलं की फुस्स! दुसरं पडलं की फुस्स! वाळलेल्या पॉलिशची पांढरी भुकटी जाळीच्या भोकाभोकांतून बाहेर पडत होती. तिच्या मागच्या बाई शिंकल्या. त्यांच्या मागच्या बाई पदरानं नाक झाकायला गेल्या, मग लक्षात आलं की आज पदर नाही.

"अमरावतीच्या ताईचा वेग पाहा मंडळी!" लाऊडस्पीकरवरचा माणूस ओरडला. "धूळ उडून राह्यली, धूळ!"

मैदानावर सकाळीच पाणी मारलेलं होतं. धूळ नावाला नव्हती!

या शर्यतीत पंचांचं काम एकच: पाय जमिनीवर आहे की नाही ते बघणं. एक भरदार मिशीचे पंच रंजनाचे पाय नीट दिसेनात म्हणून उकिडवे बसले, मान वाकवून जवळ गेले, आणि नेमकी ती पुढून गेली. फुस्स! पंच उठले तेव्हा त्यांच्या मिशा पिकलेल्या होत्या.

रंजनाला कशाचंच भान नव्हतं. एकेक बाई मागे टाकत ती चालली होती. गावंडे सर दोरीच्या अलीकडून शिट्ट्या मारत पळत होते, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे आकू. "चाल वं बाई, चाल!" मायचा आवाज सगळ्यांच्या वर. शेवटच्या फेरीत एकच बाई तिच्या पुढे राहिली. रंजनानं कंबर अशी फेकली की त्या दोघी जवळजवळ एकदमच फितीपर्यंत गेल्या. ती बाई एका पावलानं पुढे. रंजना दुसरी!

राज्यात दुसरी! मी ओरडलो, नाचलो, अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या. आणि मग तिच्या पायांकडे पाहिलं.

सगळं पॉलिश उडून गेलं होतं. बूट निळे होते.

तिसऱ्या आलेल्या बाईंनी हरकत घेतली. "ह्या निघाल्या तेव्हा पांढरे बूट होते. पोचल्या तेव्हा निळे. मधात बदलले!"

मिशीवाले पंच आले. त्यांनी रंजनाला विचारलं. ती धापा टाकत होती. तिनं नुसतं माझ्याकडे बोट केलं. गावंडे सरांनी मला पुढे ढकललं. "सांगा सर, तुमीच सांगा. तुमचाच विषय हाये!"

मी टेबलापाशी गेलो आणि सगळं सांगितलं. माती, शॅम्पू, ब्लीच, पिवळेपणा, नीळ, कापूस, पॉलिश. क्रमानं, कारणांसहित. मधेच मला माझाच आवाज चारी बाजूंनी ऐकू यायला लागला. टेबलावरचा माइक चालू होता!

"म्हंजे," पंच मिशी झटकत म्हणाले, "ब्लीचवर नीळ, निळीवर कापूस, अन् कापसावर हे चुन्यावानी?"

"हो."

"तुमी करता काय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. सगळं मैदान कान देऊन बसलं होतं.

"केमिस्ट्री शिकवतो," मी म्हणालो.

त्या हसण्याचा आवाज रेल्वे स्टेशनपर्यंत गेला असेल! पंचांनी मात्र हसू दाबलं, रंजनाच्या बुटाची जीभ वर केली आणि आत बोट घातलं. बोटाबरोबर कापसाचा एक ओला बोळा बाहेर आला. (चिमट्यालाही तो सापडला नव्हता.) पंचांनी तो वर धरून सगळ्यांना दाखवला आणि जाहीर केलं, "बूट तेच हायेत. निकाल कायम!" हरकत घेणाऱ्या बाईच पुढे झाल्या आणि रंजनाला मिठी मारून तिच्या कानात म्हणाल्या, "माह्या घरीबी एक असाच हाये!" रंजना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पदक गळ्यात घालताना पाहुण्यांनी तिला माइकवर विचारलं, "ताई, या वयात एवढ्या वेगानं चालायचं रहस्य काय?"

रंजना जराही अडखळली नाही.

"मी ड्युटीवरून घरी अशीच जातो जी," ती म्हणाली. "नवरा घरी एकटा असला की त्यानं आणखी काय काय धुतलं असन, ह्या धाकानं पाय आपोआप उचलतात!"

मैदान पुन्हा हसून कोसळलं. मी खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होतो. माझ्या शेजारी अकोल्याच्याच एक बाई बसल्या होत्या. त्या हसून हसून डोळे पुसत म्हणाल्या, "कोन असन बापा ह्या बाईचा नवरा!"

"मी!" मी हात वर करून, छाती काढून ओरडलो. "मीच तो! ते माही बायको हाये!"

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग आपले पांढरे सँडल हळूच खुर्चीखाली सरकवले.